अर्धा ओठ महाग, अर्धा स्वस्त

ताई समोर आली की माणसं आधी तिच्या ओठांकडे बघायची. ओठ काही फार देखणे होते असं नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईचे असतात तसे, जरा सुकलेले, कडेने बारीक रेघा पडलेले. पण त्यांचा डावा अर्धा भाग एका रंगाचा असायचा आणि उजवा दुसऱ्या. मध्ये तिळाएवढी मोकळी जागा, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही. अशा अवतारात ही बाई दिवसभर सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, चहा प्यायची, डबा खायची आणि संध्याकाळी तशीच बसने घरी जायची. एकदा बसमध्ये समोरच्या गृहस्थांना राहवलं नाही. ते हळूच म्हणाले, "बाई, घाईत अर्धंच लावलंय तुम्ही." ताई म्हणाली, "अर्धं नाही हो, दोन अर्धी आहेत." त्यांनी पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

ही तिची कामाची पद्धत होती. दुकानात ओठांना लावायचं काही नवीन आलं की त्यातलं एक महागातलं आणि एक स्वस्तातलं ती बाजूला काढायची. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या आरशासमोर उभी राहायची आणि दोन वेगळ्या, स्वच्छ काड्यांनी लावायची. महाग डावीकडे, स्वस्त उजवीकडे. बावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. मग दिवसभर जे जे होईल ते एका जाड वहीत. "चहा झाला. कपावर डावीकडचा डाग मोठा." "दारात वाऱ्यावर उभी राहिले. उजवीकडे केस चिकटले, तीन." "जेवण झालं. डावं गेलं, उजवं अजून आहे, चिवट आहे मेलं." शिवाय येईल त्याला विचारायचं, "कुठली बाजू बरी दिसते? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही. ओठ माझे असले तरी रंग कंपनीचा आहे."

आणि संध्याकाळी निकाल. कधी लिहायची, "महाग घ्या, पैसे वसूल." कधी लिहायची, "स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशात चपला घ्या." मालक सुरुवातीला धुसफुसायचे. दुकानातल्याच महागड्या मालाला चारचौघांत नावं ठेवणारी बाई कुणाला परवडणार? पण त्यांच्या हळूहळू लक्षात आलं, की ताईच्या शब्दावर स्वस्त घेऊन गेलेल्या बायका पुढच्या वेळी ताईच्याच शब्दावर डोळे मिटून महाग घेऊन जातात. तेव्हापासून ते गप्प बसले. वर लोकांना सांगायला लागले, की ही वहीची कल्पना मूळची त्यांचीच.

घरी मात्र तिच्या परीक्षेची काही किंमत नव्हती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटातला केसाएवढा कचरा शोधणारा माणूस, पण बायकोच्या तोंडावरचे दोन रंग त्याला उभ्या जन्मात दिसले नाहीत. "अहो, कुठली बाजू बरी?" असं विचारलं की तो मान वर करायचा, नीट बघायचा आणि म्हणायचा, "दोन्ही सारखंच." बावीस वर्षं हेच उत्तर. ताईने त्याचं मत वहीत घ्यायचं कधीच सोडून दिलं होतं, पण विचारायचं सोडलं नव्हतं.

आता ही बाई दुकानात लागली कशी, तर विचारणाऱ्याला ती सांगायची, "घराजवळ आहे म्हणून." साफ खोटं. दोन बस बदलाव्या लागायच्या. खरं कारण ताईच्या घराच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत होतं. ते म्हणजे छोटी.

छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. आता एक्कावन्न वर्षांची झाली होती, तरी छोटीच. जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. डॉक्टरांनी तान्हेपणीच टाके घालून शिवला, चांगला शिवला, बोलण्यात काही फरक पडला नाही. नाकापासून ओठापर्यंत डाव्या बाजूला दोऱ्यासारखी एक रेघ राहिली आणि ओठ तिथे किंचित वर ओढलेला राहिला. बस, एवढंच. पण छोटीला वाटायचं, की जगात बघण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे. तिचा डावा हात कायम तोंडासमोर. बोलताना हात, हसताना हात, शाळेच्या प्रत्येक फोटोत हात. बाकीच्यांना दोन हात असतात, छोटीला कामाला एकच होता.

आणि त्यात ताईने एक घोळ घातला. छोटी एकोणीस वर्षांची होती. नोकरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. ताई म्हणाली, "थांब, तुला मस्त तयार करते," आणि स्वतःची लाल लिपस्टिक मायेने तिच्या ओठांना लावली. लाल रंग सगळा त्या रेघेत जाऊन बसला. ओठाची कड जिथे तुटलेली होती तिथे रंगाची कडही तुटली. जे लपवायचं ते ठळक झालं. छोटीने आरशात बघितलं. टॉवेल घेतला आणि ओठ पुसत राहिली. रंग गेला तरी पुसत राहिली. फोटोत ओठ सुजलेले आले. ते ओळखपत्र पुढे किती वर्षं तिच्या पर्समध्ये होतं, आणि ते दिसलं की ताई नजर दुसरीकडे वळवायची. छोटी कधी एका शब्दाने बोलली नाही, हेच ताईला जास्त लागायचं. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून ते दुकान. म्हणून ती वही. कुठेतरी, कुणीतरी, असं काहीतरी बनवत असेल जे त्या रेघेत जाऊन बसणार नाही, जे लावून छोटी आरशासमोर दोन मिनिटं उभी राहील. ताई वर्षाला दोन-तीन गोष्टी तिच्यासाठी आणायची. छोटी "छान आहे गं" म्हणायची आणि खणात टाकायची. "रंग लावला ना ताई, की लोक तिकडेच बघतात," एवढंच म्हणायची. खण भरला होता. एकाही वस्तूचं झाकण उघडलेलं नव्हतं.

छोटी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होती, मागच्या खोलीत, तक्रारींच्या फोनवर. तिथे ती राणी होती. कारण देवाने ओठात जी कसर ठेवली ती आवाजात भरून काढली होती. तीन दिवस नळाला थेंब नाही म्हणून शिव्या घालत फोन करणारा माणूस पाच मिनिटांत, "नाही हो बाई, तुमची काय चूक त्यात," म्हणून तिचीच समजूत घालायला लागायचा. कधी लोक मुद्दाम कचेरीत यायचे, "त्या फोनवरच्या बाई कुठे बसतात?" विचारायचे. छोटी आतून निरोप पाठवायची, "बाई आज आल्या नाहीत." मध्यंतरी साथीच्या काळात सगळ्या जगाने तोंडावर मास्क बांधले. लोक वैतागले, छोटी मात्र खुलली. त्या दिवसांत ती बाजारात गेली, बागेत गेली, अनोळखी बायकांशी गप्पा मारून आली. पुढे सगळ्यांनी मास्क काढले. तिने नाही काढला.

तर त्या कचेरीत पुढच्या खिडकीवर बसणारे काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. कचेरीच्या मोठ्या बाईंनी छोटीला बोलावलं. खिडकी तू घे, म्हणाल्या, लोकांना सांभाळणं तुझ्याइतकं कुणाला जमत नाही, पगारही वरचा आहे. ही काही पहिली वेळ नव्हती. याआधी दोनदा छोटीने नकार दिला होता. या वेळी मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "नकार असेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत लेखी कळव, नाहीतर एक तारखेपासून खिडकी तुझी. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. उरलेली नऊ वर्षं त्या मागच्या खोलीत काढायची तयारी ठेव."

गुरुवारी संध्याकाळी छोटी खाली आली आणि तिने ताईला पत्र वाचायला दिलं. "घरगुती अडचणींमुळे सदर जागा स्वीकारण्यास असमर्थ आहे."

"घरगुती अडचण?" ताई म्हणाली. "तुझ्या घरात एक मांजरसुद्धा नाही."

"मग काय लिहू? ओठामुळे असमर्थ आहे, असं लिहू?"

ताईला तिथेच रडू फुटणार होतं. तिला ओरडावंसं वाटलं, की अगं वेडे, तुझ्यासारखी त्या खिडकीवर कुणी नाही. पण असल्या बाबतीत छोटीला काही सांगायला जावं तर ती गोगलगाईसारखी आत जायची आणि चार-चार दिवस बाहेर यायची नाही. ताईने पत्र परत दिलं. छोटीने पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली. "उद्या कचेरीतून निघताना देऊन टाकते," म्हणाली, "म्हणजे सुटले."

ताईचीही त्या आठवड्यात वेगळीच पंचाईत झाली होती. दुकानात ओठांना लावायची रंगीत तेलं आली होती. लिप ऑइल. एक महागातलं, जड काचेची बाटली, सोनेरी झाकण, ते लावताना असा आवाज यायचा की वाटावं मोटारीचं दार लागलं. वास मंद, श्रीमंत माणसाच्या घरातून येतो तसा. दुसरं स्वस्तातलं, प्लास्टिकची नळी, झाकण कुरकुरायचं, वास लहान मुलांच्या गोळीचा. रंग मात्र दोन्हींचा पिकलेल्या जांभळाचाच, एक जरा गडद, एक जरा फिका, पण पातळ, पाण्यात कालवल्यासारखा. एकाच्या पैशात दुसरं आठ वेळा आलं असतं. पुढच्या काचेच्या कपाटात जागा एकालाच होती. मालक म्हणाले, "ताई, शनिवारी सकाळी मला निकाल पाहिजे. मागणी पाठवायची आहे."

आणि नेमका बुधवारी ताईला ताप आला. गुरुवारी तो उतरला आणि जाता जाता ओठांवर फोड ठेवून गेला. दोन मोठे, तीन बारके. त्या ओठांना तेल लावणं म्हणजे आगीत हात घालणं.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा खाडा पडणार वहीत," ताई आरशात बघत म्हणाली. यात तिचा काही डाव नव्हता, बरं का. डाव टाकण्याइतकी ती हुशार असती तर बावीस वर्षं लागलीच नसती. ती खरोखरच वहीसाठी हळहळत होती. आणि छोटी, जिने स्वतःसाठी म्हणून कधी झाकणही उघडलं नव्हतं, ती दारात थांबली.

"माझ्या ओठांवर चालेल का?"

ताईला वाटलं, ताप पुन्हा चढला. "तुझ्या?"

"मागच्या खोलीत मला कोण बघतंय? तुझी वही तर राहील नीट." मग तिने बोट उगारलं. "पण कुणाला विचारायला सांगू नकोस."

"तीन माणसांना तरी विचारावं लागतं गं. नाहीतर ती परीक्षा नाही, ते नुसतं तेल लावणं झालं."

"एकालाही नाही."

"बरं बाई, एकालाही नाही."

"आणि बाहेर पडताना मास्क."

इथे घोडं अडलं. "मास्क लावलास तर तेल सगळं मास्कच पिणार," ताई म्हणाली, "मग परीक्षा मास्कची, ओठांची नाही." दहा मिनिटं दोघी त्यावर घासाघीस करत बसल्या. शेवटी ठरलं की बसमध्ये छोटी मास्क बोटांनी थोडा पुढे ओढून धरेल, आणि खोलीत शिरल्यावर काढेल.

शुक्रवारी सकाळी ताईने तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. स्वतः समोर उभी राहिली. बत्तीस वर्षांनी तिचा हात पुन्हा त्या ओठांकडे जात होता. छोटीने डोळे घट्ट मिटून घेतले होते, दात काढून घ्यायला बसल्यावर मिटतात तसे. ताईने एका काडीने अर्धा भाग केला, दुसऱ्या काडीने दुसरा. मग मागे सरून बघितलं.

तेल रेघेत जाऊन बसलं नाही. त्याला कडच नव्हती, तर तुटणार कुठून? रेघ होती तिथेच होती, पण आता तीही बाकी ओठासारखीच ओलसर चमकत होती. ओठातलीच एक गोष्ट वाटत होती. एरवी ती "बघ, बघ आरशात" म्हणून नाचली असती. या खेपेला तिने स्वतःला आवरलं आणि दोन्ही बाटल्या छोटीच्या पर्समध्ये घातल्या. "जेवण झाल्यावर पुन्हा लाव," एवढंच म्हणाली. छोटीने आरसा मागितला नाही. मास्क पुढे ओढून धरत ती जिना उतरली.

दिवसभर ताईचं दुकानात लक्ष नव्हतं. एका बाईला तिने पायाला लावायचं मलम चेहऱ्यासाठी दिलं आणि परत मागून घेतलं. पुनःपुन्हा तिचं घड्याळाकडे लक्ष जायचं. छोटी जाताना ते पत्र देणार. मग झालंच. नऊ वर्षं त्या खोलीत, आणि मग घरी बसून, तोंडावर हात.

सव्वातीनला तिला राहवेना. तेलाचं काय झालं ते विचारायचं निमित्त करून तिने तक्रारीचा नंबर फिरवला. तो तिला पाठ होता. पलीकडून नेहमीचा आवाज यायच्या ऐवजी एका पुरुषाचा खरखरीत आवाज आला.

"हॅलो, पाणीपुरवठा. बोला लवकर."

"बाई... बाई नाहीत का?"

"नाहीत जागेवर."

"कुठे गेल्या?"

"दुपारी तोंडबिंड पुसून बाहेर गेल्यात. तुमचा नळ कुठला ते सांगा."

ताईने फोन ठेवून दिला. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. वीस वर्षांत त्या फोनवर दुसरं कुणी बसलेलं तिला माहीत नव्हतं. तोंड पुसून बाहेर गेली. म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं. कुणीतरी हसलं. आणि हिने ओठ पुसले, रंग गेला तरी पुसत राहिली असणार, आणि ते पत्र मोठ्या बाईंच्या टेबलावर टाकून कुठेतरी निघून गेली. आणि हे सगळं कुणामुळे? त्याच बहिणीमुळे, जिने पहिल्यांदाही असंच केलं होतं. वहीसाठी! त्या मेल्या वहीसाठी तिने धाकट्या बहिणीचा ओठ चव्हाट्यावर मांडला होता. ताईला स्वतःची इतकी चीड आली की तिने ती वही खणात टाकून खण ढकलून दिला, तर त्यात बोट सापडलं.

तिने मालकांकडे लवकर जायची परवानगी मागितली. मालक म्हणाले, "आणि निकाल?" ताई म्हणाली, "निकाल लागला." वही पिशवीत टाकली आणि निघाली.

घरी येऊन ती वर जाऊन आली. कुलूप. सहा वाजले. छोटी रोज सव्वासहाला यायची. साडेसहा झाले. सात झाले. नवरा भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसला होता, तो म्हणाला, "येईल." ताई त्याच्यावर खेकसली, "तुम्हाला काय, तुम्हाला दोन्ही सारखंच!" बिचाऱ्याने भिंग काढून ठेवलं आणि तोही दारात येऊन उभा राहिला.

सव्वासातला जिन्यावर पावलं वाजली. छोटी वर आली. तोंडावर मास्क नव्हता. हातही नव्हता, कारण एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात मोठं कलिंगड.

"हे धर, जड आहे," ती म्हणाली. "एका आजीने दिलं. नको म्हटलं तरी ऐकेना."

"कुठली आजी? कुठे होतीस तू? फोनवर तो कोण मेला..."

"अगं, ते खिडकीवरचे काका. पाणी दे आधी, घसा सुकलाय. आज फार बोलले."

ताईने पाणी दिलं. छोटी गटागटा प्यायली आणि ताईसारखाच ग्लास दिव्यासमोर धरून तिने कडेवरचे डाग बघितले. "दोन्हीकडचे आहेत अजून," म्हणाली. मग सांगायला लागली.

अकरा वाजता चहा घेऊन कचेरीचे म्हातारे शिपाई आले. छोटीने कप उचलायला हात खाली घेतला आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. "बाई, तुमच्या ओठांना आज दोन रंग कसे?" हात पुन्हा वर जाणार होता. पण मग तिला वाटलं, शिपाईकाकांनी रंग म्हटलं. रेघ नाही म्हटलं. आणि ताईची वही आठवली. कसं कोण जाणे, तोंडातून शब्द निघून गेले, "बहिणीच्या दुकानाची परीक्षा आहे काका. कुठली बाजू बरी?"

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय! ते चष्मा आणायला गेले आणि येताना बिलं करणाऱ्या चौघींना घेऊन आले. त्या चौघींचं भांडण जुंपलं. एक म्हणे उजवी, एक म्हणे डावी, एक तर माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवायला लागली. ताई, माझी हनुवटी! मला वाटलं आता जमीन दुभंगावी. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं गं. त्या तेलाकडे बघत होत्या."

मग लेखनिक आले, मग टाकीवरचे दोघं आले. शेवटी मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी पाच मिनिटं विचार करून मत दिलं. मतं लक्षात राहीनात, म्हणून छोटीने पर्समध्ये हाताला लागला तो कागद काढून त्याच्या मागे रेघोट्या मारायला घेतल्या. डबा खाल्ल्यावर तोंड पुसलं, पुन्हा तेल लावलं, आणि खिडकीवरच्या काकांचं मत राहिलं म्हणून ती पुढे गेली. काकांचे पाय सुजले होते. ते म्हणाले, "पोरी, तासभर तू बस इथे, मी तुझ्या फोनपाशी पाय वर करून बसतो." तेवढ्यात काचेवर कुणीतरी टकटक केलं. एक आजी होत्या. आठ दिवस नळाला पाणी नव्हतं आणि दोनदा परत पाठवलं होतं. "त्यांचं काम केलं," छोटी म्हणाली, "आणि मग त्यांनाही विचारलं."

तिने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. रेघोट्याच रेघोट्या होत्या. उजवी एकोणीस. डावी बावीस.

"डावी जिंकली," छोटी म्हणाली. "म्हणजे महाग. लिही वहीत. सकाळी तू लावलंस, मग जेवल्यावर मी पुन्हा लावलं, अगदी तुझ्या नियमाने. महाग डावीकडे."

ताईने लेखणी उचलली आणि तिथेच थांबली.

"जेवल्यावर तू आरशात बघून लावलंस?"

"हो. छोट्या आरशात."

"आणि सकाळी मी तुझ्यासमोर उभी राहून लावलं." ताईने हवेत काडी धरल्यासारखा हात धरला. बावीस वर्षं तो हात आरशासमोर डावीकडे जात आला होता, आणि सकाळीही तो सवयीने आपल्याच डावीकडे गेला होता. "माझी डावी म्हणजे तुझी..."

"उजवी," छोटी म्हणाली.

म्हणजे दुपारपर्यंत महाग उजवीकडे होतं आणि दुपारनंतर डावीकडे. कुठलं मत कधीचं, ते कागदावर नव्हतं. बावीस वर्षांच्या परीक्षांमध्ये इतकी सपशेल फसलेली परीक्षा ही पहिलीच. मग छोटीच्या नाकातून आधी आवाज आला आणि नंतर ती हसत सुटली. खदाखदा, तोंड उघडं टाकून, टेबलावर थाप मारत. त्या थापेला तिने डावा हात वापरला. ताई तो हात बघत होती.

"एकोणीस आणि बावीस," ताई हळूच म्हणाली. "एक्केचाळीस माणसं, छोटी. एक्केचाळीस माणसांनी तुझ्या तोंडाकडे बघितलं."

छोटीचं हसू थांबलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिने मनात मोजलं असावं. "खिडकीवरचीच सोळा होती," ती म्हणाली. "त्यातल्या एका लहान मुलीने विचारलं, ही रेघ कसली. मी म्हटलं, टाके घातले होते. ती म्हणाली, माझ्या गुडघ्यावर पण आहे. आणि डावी म्हणाली."

ताईने कागद वहीत चिकटवायला म्हणून उचलला आणि उलटा केला. मागच्या बाजूला छोटीचं सुंदर अक्षर होतं. घरगुती अडचणींमुळे सदर जागा स्वीकारण्यास असमर्थ आहे.

"हे द्यायचं होतं ना आज?" ताईने विचारलं.

"कसं देणार? मागे मतं होती."

"दुसरं लिहायचंस."

"वेळ कुठे होता ताई?" छोटी म्हणाली. "खिडकीवर रांग लागली होती."

ताई मग रडली. चांगली भोकाड पसरून रडली, फोडांना मीठ लागून ओठ चुरचुरले तरी रडली. छोटी तिच्या पाठीवरून हात फिरवत, "अगं पण महाग का स्वस्त ते राहिलंच, मालक काय म्हणतील," असं काहीतरी बडबडत राहिली. तेवढ्यात नवऱ्याला आपलीही काही जबाबदारी आहे असं वाटलं असावं. तो पुढे आला, भिंग डोळ्याला लावलं आणि छोटीसमोर वाकून नीट, अगदी घड्याळ बघावं तसं, तिच्या ओठांकडे बघितलं.

"काय भावोजी?" छोटीने विचारलं. "कुठली बाजू?"

त्याने भिंग काढलं.

"दोन्ही सारखंच," तो म्हणाला.

ताईने डोळे पुसले, वही ओढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं मत नोंदवून घेतलं. त्याच्या खाली लिहिलं, "निकाल: कळला नाही." आणि त्याच्याही खाली, जिथे एरवी किंमत लिहायची त्या जागेवर, "छोटी एक तारखेपासून खिडकीवर."